खनिज तंतू, विषाणू आणि कर्करोग : दोन कारणांची घातक युती

ॲस्बेस्टॉसच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या सर्वच कामगारांना मेसोथेलिओमा हा कर्करोग होत नाही. किंबहुना बहुतेकांना तो होत नाही. एकाच कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून तीच धूळ छातीत घेणाऱ्या दोघांपैकी एकाला तीस-चाळीस वर्षांनी हा रोग गाठतो आणि दुसरा त्यातून सुटतो, असे का व्हावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ पडलेला आहे. त्याचे एक संभाव्य उत्तर २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. खनिज तंतू आणि विषाणू हे दोन घटक एकत्र आले, तर प्राण्यांच्या शरीरात कर्करोग निर्माण करण्याची त्यांची शक्ती अनेक पटींनी वाढते, असे या संशोधनात आढळून आले.

हॅमस्टर या उंदरासारख्या लहान प्राण्यावर हा प्रयोग करण्यात आला होता. ज्या प्राण्यांना केवळ विषाणूची बाधा करण्यात आली, त्यांच्यापैकी एकालाही मेसोथेलिओमा झाला नाही. ज्यांना केवळ ॲस्बेस्टॉसचे तंतू देण्यात आले, त्यांच्यापैकी २० टक्के प्राण्यांना तो झाला. दोन्ही घटक ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. शून्य आणि वीस यांची बेरीज नव्वद होत नाही. या निष्कर्षाचे महत्त्व नेमके येथेच आहे.

खनिज तंतूंचा पूर्वेतिहास

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय रचना असलेल्या अनेक खनिजांचे ते सामाईक नाव आहे. ही खनिजे जळत नाहीत, आम्लाला सहजासहजी दाद देत नाहीत आणि त्यांचे तंतू कापसाप्रमाणे विणताही येतात. या गुणांमुळे विसाव्या शतकात जहाजे, बाष्पके, मोटारींचे ब्रेक, उष्णतारोधक वेष्टने आणि छपराचे पत्रे अशा असंख्य वस्तूंमध्ये त्यांचा वापर झाला. पांढरा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल आणि निळा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रोसिडोलाइट हे त्याचे दोन परिचित प्रकार होत. त्यांपैकी क्रोसिडोलाइटचे तंतू सरळ, सुईसारखे असतात आणि शरीरात फार काळ टिकून राहतात.

फुप्फुसांभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. असेच आवरण पोटाच्या पोकळीतही असते. या आवरणाच्या पेशींत उद्भवणारा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. जे. सी. वॅग्नर, सी. ए. स्लेग्ज आणि पॉल मार्शां या संशोधकांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांताच्या वायव्य भागातील ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या भागात क्रोसिडोलाइटच्या खाणी होत्या. रुग्णांपैकी बहुतेकांचा या खाणींशी किंवा त्यांच्या परिसराशी संबंध आलेला होता. काहींनी तर खाणीत कधी काम केले नव्हते. त्यांचे बालपण खाणीजवळच्या वस्तीत गेले होते, इतकेच. ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचा संबंध या निबंधाने ठळकपणे जगापुढे आणला. आज ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांची गणना मानवामध्ये कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली जाते.

तरीही एक कोडे शिल्लक राहिले. तंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होण्यास साधारणतः २० ते ५० वर्षे लागतात आणि संपर्कात आलेल्यांपैकी थोड्यांनाच तो होतो. तेव्हा तंतूच्या जोडीला आणखी काही कारण असावे काय, असा विचार शास्त्रज्ञांमध्ये सुरू झाला.

लसीतून पुढे आलेला विषाणू

या कथेतील दुसरा घटक पूर्णतः वेगळ्या वाटेने विज्ञानाच्या नजरेस पडला. जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीचा वापर अमेरिकेत १९५५ मध्ये सुरू झाला. ही लस तयार करण्यासाठी पोलिओचा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढविला जात असे आणि नंतर फॉर्मेलिनने निष्प्रभ केला जात असे. या पेशींमध्ये माकडांचेच काही विषाणू दडलेले असू शकतात, याची जाणीव तेव्हा पुरेशी नव्हती.

बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी १९६० मध्ये असा एक विषाणू शोधून काढला. माकडांमध्ये सापडलेल्या विषाणूंच्या यादीत त्याचा क्रमांक चाळिसावा होता; म्हणून त्याला 'सिमियन व्हायरस ४०', संक्षेपाने 'एसव्ही-४०' असे नाव पडले. याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञ बर्निस एडी यांना, माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा अर्क नवजात हॅमस्टरांना टोचल्यास त्यांच्या अंगावर गाठी उद्भवतात, असे दिसून आले होते. या गाठींमागे एसव्ही-४० हाच विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

पोलिओचा विषाणू ज्या फॉर्मेलिनने मरत असे, त्याने एसव्ही-४० प्रत्येक वेळी पूर्णपणे नष्ट होत नव्हता. लसीच्या नव्या साठ्यात हा विषाणू असता कामा नये, असे बंधन अमेरिकी शासनाने १९६१ मध्ये घातले. तथापि आधीचा साठा १९६३ पर्यंत वापरात राहिला. १९५५ ते १९६३ या काळात सुमारे ९ कोटी ८० लाख अमेरिकी नागरिकांनी पोलिओची लस घेतली होती. त्यांपैकी १ ते ३ कोटी लोकांना दूषित लस मिळाली असावी, असा अंदाज आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा

एसव्ही-४० आणि मेसोथेलिओमा यांचा संबंध १९९३ मध्ये पुढे आला. मिकेले कार्बोने यांच्या गटाने हा विषाणू हॅमस्टरांच्या फुप्फुसावरणाच्या पोकळीत थेट टोचला, तेव्हा त्या सर्व प्राण्यांना काही महिन्यांतच मेसोथेलिओमा झाला. पुढच्याच वर्षी या गटाने मानवी मेसोथेलिओमाचे ४८ नमुने तपासले आणि त्यांपैकी २९ नमुन्यांत एसव्ही-४० सारख्या जनुकीय खुणा सापडल्याचे जाहीर केले.

वर उल्लेखिलेला २००६ चा प्रयोग याच मालिकेतील होता. त्यात क्रोसिडोलाइटचा वापर करण्यात आला. त्याची मांडणी १९९३ च्या प्रयोगासारखी नव्हती. म्हणूनच येथे विषाणूने एकट्याने रोग निर्माण केला नाही. मात्र विषाणूची बाधा झालेल्या प्राण्यांमध्ये मेसोथेलिओमा होण्यास बऱ्याच कमी प्रमाणातील ॲस्बेस्टॉस पुरेसे ठरले. जी मात्रा एरवी निभावून गेली असती, ती विषाणूच्या साथीने घातक झाली.

जे घटक एकत्र येऊन कर्करोगाला चालना देतात, त्यांना शास्त्रीय परिभाषेत सहकर्करोगकारक म्हणतात. खनिज तंतू आणि विषाणू हेही परस्परांचे सहकर्करोगकारक ठरू शकतात, असा या संशोधनाचा निष्कर्ष होता.

पेशीच्या आत काय घडते?

ॲस्बेस्टॉसचा तंतू आवरणाच्या पेशीपर्यंत पोहोचला की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गिळण्याचा प्रयत्न करतात. पण तंतू लांब असतो आणि विरघळतही नाही. त्याला गिळू पाहणाऱ्या पेशी निकामी होतात आणि त्यांच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये बाहेर पडतात. क्रोसिडोलाइटमधील लोहामुळे प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि ती पेशीच्या गुणसूत्रांना इजा करतात. तंतू जागेवरून हटत नसल्याने हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

इजा झालेल्या पेशीने एक तर स्वतःची दुरुस्ती करावी अथवा मरावे, अशी निसर्गाची योजना असते. या योजनेचे पहारेकरी म्हणजे पी-५३ आणि आरबी ही दोन प्रथिने. एसव्ही-४० नेमका येथेच घाव घालतो. त्याचे 'लार्ज टी' नावाचे प्रथिन या दोन्ही पहारेकऱ्यांना जखडून ठेवते. परिणामी, तंतूने गुणसूत्रे बिघडविलेली पेशी मरण्याऐवजी जगते आणि विभाजित होत राहते. थोडक्यात, तंतू घरात आग लावतो आणि विषाणू अग्निशामकांनाच कोंडून ठेवतो.

याखेरीज आणखी एक दुवा २००६ च्या अभ्यासात आढळला. पेशीला वाढण्याचा आदेश देणारी संदेशवहनाची एक साखळी असते. तिच्यातील एर्क नावाची विकरे उद्दीपित झाली की एपी-१ हा जनुके चालू करणारा घटक कामाला लागतो. तंतू आणि विषाणू यांच्या एकत्रित प्रभावाने ही साखळी अधिक जोमाने कार्यान्वित झाली. तिच्यामुळे सभोवतालच्या ऊतींचा बंध विरघळविणारी विकरे तयार झाली आणि पेशींना शेजारच्या भागात घुसखोरी करण्याची क्षमता आली. हाच परिणाम हॅमस्टरच्या पेशींप्रमाणे प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींवरही दिसून आला.

मानवी आवरणपेशी या विषाणूला विशेष बळी पडतात, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. एरवी एसव्ही-४० मानवी पेशीत शिरला की तेथे वेगाने वाढतो आणि अखेर त्या पेशीचाच नाश करतो. मेलेल्या पेशीपासून कर्करोग होत नाही. आवरणपेशींत मात्र ही वाढ मर्यादित राहते, पेशी वाचते आणि विषाणूची प्रथिने तिच्यात टिकून राहतात.

दोन कारणे, गुणाकाराचा परिणाम

दोन कारणांनी हातमिळवणी करून परिणाम वाढविण्याचा हा प्रकार कर्करोगाच्या क्षेत्रात अपवादात्मक नाही. अमेरिकेतील उष्णतारोधक वेष्टनाच्या कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान या दोहोंपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत, केवळ ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ५ पट, केवळ धूम्रपान करणाऱ्यांमध्ये सुमारे ११ पट, तर दोन्ही कारणे एकवटलेल्यांमध्ये सुमारे ५३ पट आढळले. येथे हे ध्यानात घ्यावयास हवे की ही आकडेवारी फुप्फुसाच्या कर्करोगाची आहे. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी असा संबंध आढळत नाही.

विषाणू आणि विषद्रव्य यांच्या युतीचे मानवातील उत्तम उदाहरण यकृताच्या कर्करोगात मिळते. भुईमूग, मका यांसारखे धान्य दमट जागी साठविले की त्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. चीनमधील शांघाय येथे केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲफ्लाटॉक्सिनच्या संपर्कामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका ३.४ पट, हेपटायटिस-बी या विषाणूच्या दीर्घकालीन बाधेमुळे ७.३ पट, तर दोन्ही एकत्र असताना ५९.४ पट वाढल्याचे आढळले. हेपटायटिस-बीच्या लसीचे महत्त्व यावरून लक्षात येते. दोन कारणांपैकी एक जरी दूर केले, तरी लाभ मोठा होतो.

माणसाविषयी काय म्हणता येईल?

प्राण्यांमधील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. एसव्ही-४० च्या बाबतीत ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. हॅमस्टर हा प्राणी या विषाणूला असामान्य संवेदनशील आहे. शिवाय प्रयोगात विषाणू आणि तंतू ठरावीक मात्रेत शरीरात टोचले जातात. माणसाच्या आयुष्यात असे घडत नाही.

मानवी गाठींमध्ये सापडलेल्या खुणांविषयीही गंभीर वाद निर्माण झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवून दिले की, प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लाझ्मिड या जनुकीय साधनांतच एसव्ही-४० चे काही अंश असतात. त्यांचा लवलेश नमुन्यात मिसळला तरी अतिसंवेदनशील चाचणी विषाणू असल्याचा चुकीचा निर्वाळा देऊ शकते. अनेक प्रयोगशाळांना मानवी मेसोथेलिओमात हा विषाणू सापडलाच नाही. दूषित लस मिळालेल्या पिढ्यांचा अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्ये अभ्यास झाला. त्यातही या लसीमुळे कर्करोग वाढल्याचे दिसून आले नाही.

अमेरिकेच्या वैद्यक संस्थेच्या समितीने २००२ मध्ये तोलून मापून मत दिले. एसव्ही-४० पेशींमध्ये कर्करोगसदृश बदल घडवू शकतो याचा जैविक पुरावा बळकट आहे. परंतु दूषित लसीमुळे माणसांना कर्करोग झाला, हे मान्य करण्यास किंवा नाकारण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे, असे समितीने म्हटले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही पुढे या विषाणूला तिसऱ्या गटात ठेवले. मानवातील कर्करोगकारकतेविषयी ज्यांचे वर्गीकरण करता येत नाही, अशा घटकांचा हा गट आहे.

या इतिहासामुळे आजच्या पोलिओ लसीविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. लसनिर्मितीत एसव्ही-४० साठी तपासणी करणे हा आता प्रस्थापित नियम आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाचा समावेश असलेला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. हे यश लसीचेच आहे.

तंतूला जनुकाची साथ

मानवातील विषाणूचा प्रश्न अनिर्णित राहिला असला, तरी तंतूच्या जोडीला अन्य घटक असतात हा मूळ विचार मात्र पुढील संशोधनाने अधिक दृढ झाला. तुर्कस्तानातील कापादोकिया प्रदेशात काराइन, तुझकोय आणि सारिहिदिर ही गावे आहेत. तेथील दगडांत एरिओनाइट हे तंतुमय खनिज आढळते. ग्रामस्थ तोच दगड घरबांधणीसाठी वापरीत आले. या गावांत मेसोथेलिओमाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण इतके मोठे आहे की त्याने जगभरच्या संशोधकांचे लक्ष वेधले. एरिओनाइटही आता कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे.

एकाच कुटुंबातील अनेकांना मेसोथेलिओमा का होतो, याचा शोध घेताना २०११ मध्ये अमेरिकेतील दोन कुटुंबांत बीएपी-१ या जनुकातील आनुवंशिक दोष सापडला. हा दोष असलेल्या उंदरांवर नंतर प्रयोग झाले. इतर उंदरांना अपाय न करणारी ॲस्बेस्टॉसची अल्प मात्राही त्यांच्यात मेसोथेलिओमा निर्माण करण्यास पुरेशी ठरली. हॅमस्टरवरील प्रयोगात जे काम विषाणूने केले होते, तेच येथे सदोष जनुकाने केले.

भारताच्या दृष्टीने महत्त्व

भारतात ॲस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे १९८६ मध्ये थांबविण्यात आले. परंतु पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि वापर सुरूच आहे. त्याचा मोठा हिस्सा सिमेंटच्या पत्र्यांसाठी खर्च होतो. महाराष्ट्रातील चाळींपासून ते देशभरातील गोठे, गोदामे आणि शाळांच्या छपरांपर्यंत हे पत्रे सर्वत्र दिसतात. जगातील ५० हून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली असून अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदीचा नियम जाहीर केला. हॅमस्टरवरील प्रयोग निळ्या ॲस्बेस्टॉसचा होता, हे खरे. परंतु पांढरा प्रकारही कर्करोगकारकच आहे, यात शंका नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात दिलेला निकाल या संदर्भात लक्षणीय आहे. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन करण्याचा आदेशही देण्यात आला. हा रोग प्रकट होण्यास लागणारा दीर्घ काळ पाहता ही मुदत किती आवश्यक आहे, हे सहज ध्यानात येते.

कारखान्यातील हवेत तंतूंचे प्रमाण किती असावे, याची मर्यादा नियमांनी ठरविली जाते. अशी मर्यादा सर्वांसाठी एकच असते. माणसे मात्र एकसारखी नसतात. एखाद्याच्या जनुकांत जन्मतः दोष असतो, आणि तो आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. प्राण्यांवरील प्रयोग सांगतात, ते इतकेच की, जी मात्रा एकाला सोसते ती दुसऱ्याला सोसेलच असे नाही. जोडीदार घटक कोणाच्या शरीरात दडलेला आहे, हे कामावर घेताना कळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. तंतूवर नियंत्रण ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे.

म्हणूनच सुस्थितीतील पत्रा विनाकारण हलवू नये. तो कोरडा कापू, घासू किंवा फोडू नये. तुकड्यांची धूळ झाडूने न झाडता ओली करून उचलावी आणि असे काम करणाऱ्याने तंतू अडविणारा योग्य मुखवटा वापरावा, असे तज्ज्ञ सांगतात. कामाचे कपडे घरी नेऊन कुटुंबीयांच्या कपड्यांसोबत धुणेही टाळावे. दोन कारणांपैकी दुसरे कारण निश्चितपणे सापडेपर्यंत, ठाऊक असलेल्या पहिल्या कारणापासून दूर राहणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय.